बंदुकीच्या परवान्याआधी गाडी कशी लावतो ते बघा

अंगरक्षकाचंही काम करणारा ड्रायव्हर ठेवताना माजी सैनिक आणि बंदुकीचा परवाना एवढं बघितलं की झालं, असं म्हणतात ते मला अर्धंच पटतं. फौजेतला माणूस शिस्तीचा असतो हे खरंच. पण ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात. त्याच्यावर बंदूक काढायची वेळ आली म्हणजे गाडी आधीच अडकलेली असते. आमचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. उधारीच्या वसुलीवरून बाबांना धमक्या यायला लागल्या तेव्हा असा ड्रायव्हर ठेवला. पहिल्याच दिवशी त्यानं गाडी रिव्हर्स घेऊन, तोंड फाटकाकडे करून लावली. आसरा चौकात थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवायचा, म्हणजे मागे न घेता बाजूनं निघता येतं. रोज साडेनऊला एकाच रस्त्यानं निघायची बाबांची वीस वर्षांची सवय त्यानं आठवड्यात मोडली. बाबा चिडायचे, आईला मात्र रात्री झोप लागायला लागली.

एजन्सीकडून घेणार असाल तर २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना मागाच. त्याच्या नियमांत रक्षकाला किमान १६० तासांचं प्रशिक्षण आहे, १०० वर्गात आणि ६० प्रत्यक्ष. माजी सैनिक-पोलिसांना त्याहून कमी. पण चिलखती गाडीचा चालक सोडला तर ड्रायव्हिंग हा त्यात ऐच्छिक विषय आहे. तेव्हा प्रमाणपत्रावर जाऊ नका, संध्याकाळच्या गर्दीत सात रस्ता ते बाळे अशी एक फेरी त्याच्या शेजारी बसून करा.