हुक्क्याची तुटलेली नळी: आधी शिसं टाळा

नळी चिलमीखालच्या सांध्यातच निखळली आहे आणि ती एपॉक्सीने चिकटवावी की झाळावी, असा मूळ प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: त्या जागी एपॉक्सी नकोच. निखाऱ्यांची आच तिथे थेट पोचते, आणि घरगुती एपॉक्सी बऱ्याचदा शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं. मग त्याच्या वाफा धुरासोबत थेट छातीत जाणार.

या चर्चेत कुणीतरी रेडिओदुरुस्तीची जुनी झाळकामाची तार वापरा म्हटलंय. कृपया वापरू नका! त्या तारेत साधारण ४० टक्के शिसं असतं. कथील-चांदी-तांब्याची शिसेविरहित तार घ्या, ती साधारण २१७ अंशांना वितळते. पितळ असेल तर हे घरी जमतं. सांध्यावरचा क्रोमचा मुलामा मात्र तापवू किंवा घासू नका, तो असेल तर काम कारागिराकडेच द्या. स्टेनलेस स्टीलला वेगळा, आम्लयुक्त फ्लक्स (झाळ नीट बसावी म्हणून धातूला लावायचा लेप) लागतो, तेही कारागिराकडेच बरं.

सांधा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, खिडक्या उघडा, रबरी वायसर आधी काढून ठेवा. झाळून झालं की गरम पाणी नि ब्रशने आतला फ्लक्स पूर्ण धुवा, यात घाई नको. मग एक टोक बोटाने बंद करून नळी पाण्यात धरा आणि फुंका. बुडबुडे आले तर पुन्हा झाळा.

तुटलेली जागा खाली, पाण्याजवळ असेल, तर आटे पाडून पितळी जोड बसवणं सगळ्यात उत्तम, तापवायचा प्रश्नच येत नाही.