बाबांच्या अंगावरचे चट्टे: मायकोसिस फंगॉइडिसचे निदान आणि उपचार

प्रश्न (गिरगाव):
माझ्या वडिलांच्या कमरेखाली, नितंबांवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बऱ्याच वर्षांपासून खाजरे चट्टे आहेत. आधी नायटा आणि पुढे एक्झिमा समजून उपचार झाले. मलम लावले की चट्टे फिकट होतात, थांबवले की पुन्हा उमटतात. पहिल्या बायोप्सीत काहीच निष्पन्न झाले नाही. दुसरीत मात्र ‘मायकोसिस फंगॉइडिसची शक्यता, क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक’ (म्हणजे रुग्णाच्या प्रत्यक्ष लक्षणांशी पडताळून पाहा) असे लिहून आले आहे. हा त्वचेतील टी-पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) लिम्फोमा, म्हणजे कर्करोग आहे हे कळल्यापासून घरात सगळे हादरले आहेत. दोन अहवाल वेगळे कसे, आणि केमोथेरपी लगेच सुरू करावी का?

उत्तर (त्वचारोगतज्ज्ञ, शीव):
अहवाल वेगळे आले म्हणून पहिल्या प्रयोगशाळेला दोष देऊ नका. सुरुवातीच्या काळात विकृत टी-पेशी फार थोड्या असतात आणि त्यांच्याभोवती साध्या दाहाच्या पेशींची गर्दी असते, त्यामुळे या आजाराचे निदान व्हायला अनेकदा वर्षे जातात. त्यातच स्टिरॉइडचे मलम चालू असेल, तर सापडायच्या त्या खुणाही पुसट होतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मलम दोन ते चार आठवडे थांबवून, दोन-तीन वेगवेगळ्या चट्ट्यांमधून पुन्हा नमुने घेणे योग्य ठरेल. आपल्याकडे मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ‘खाजेच्या’ मलमांत बरेचदा स्टिरॉइड असते. घरातल्या सगळ्या ट्यूब डॉक्टरांना दाखवा.

केमोथेरपीची घाई करू नका, हे मी ठामपणे सांगतो. अमेरिकेत १०३ रुग्णांवर झालेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीलाच केमोथेरपी व इलेक्ट्रॉन बीम (त्वचेवरचा किरणोपचार) दिलेल्यांचे आयुष्य सौम्य उपचारांनी सुरुवात केलेल्यांपेक्षा वाढले नाही. दुष्परिणाम मात्र अधिक झाले. चट्टे १० टक्क्यांहून कमी त्वचेवर असतील (स्वतःचा तळहात बोटांसह साधारण १ टक्का धरतात) आणि लसिकाग्रंथी व रक्त यांत आजार नसेल, तर स्टिरॉइड मलम किंवा नॅरोबँड यूव्हीबी (अतिनील किरणांच्या एका अरुंद पट्ट्याचा) प्रकाशोपचार यांनी सुरुवात करतात. जाड चट्ट्यांसाठी पुवा (सोरालेन औषध आणि अतिनील ‘ए’ किरण मिळून होणारा उपचार) वापरतात. या टप्प्यातील बहुतेक रुग्णांचे आयुर्मान सर्वसाधारण माणसाइतकेच असते. गाठी उठल्या, किंवा सर्वांग लाल होऊन रक्तात सेझारी पेशी (याच आजाराच्या विकृत टी-पेशी) सापडल्या, तर उपचारांची दिशा बदलते.

उत्तर (पॅथॉलॉजिस्ट, परळ):
जुन्या बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या व नव्या नमुन्यांसोबत एकाच ठिकाणी तपासायला द्या. एपिडर्मिसमध्ये (त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात) शिरलेल्या, मेंदूसारख्या वळ्यांचे केंद्रक असलेल्या पेशी आम्ही शोधतो. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (पेशींवरची प्रथिने रंगवून ओळखण्याच्या तपासणीत) त्यांच्यावर सीडी३ आणि बहुधा सीडी४ ही प्रथिने दिसतात, सीडी७ पुष्कळदा हरवलेले असते. टी-सेल रिसेप्टरच्या जनुकीय तपासणीत एकच क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला पेशीसमूह) आढळला तर निदानाला बळ मिळते, पण असा क्लोन काही निरुपद्रवी त्वचाविकारांतही सापडतो, म्हणून केवळ त्यावर शिक्का मारता येत नाही. फॉर्मवर ‘चट्टे’ एवढेच न लिहिता ते कुठे, किती वर्षे आणि कोणत्या औषधावर आहेत हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

उत्तर (रुग्ण, डोंबिवली):
मी नॅरोबँड घेतो. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा जावे लागते, त्यामुळे केंद्र घराजवळचेच निवडा; लोकलच्या गर्दीतून लांब जायचे ठरवले तर खाडे होतात. प्रकाशयंत्राच्या आत डोळ्यांवर गडद गॉगल हवाच. दर महिन्याला त्याच चट्ट्याचा, त्याच उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा. चट्टा कमी होतो आहे की नाही हे डॉक्टरांना त्यावरून लगेच कळते.