मदत हवी आहे: प्रबंधातले संदर्भ सापडत नाहीत, आणि प्रमाणपत्रावर सही माझी

ग्रंथसखी

नमस्कार मंडळी. येत्या शुक्रवारी मला एका प्रमाणपत्रावर सही करायची आहे आणि हात पुढे होत नाहीये. वैद्यकीय ग्रंथालयात काम करणारे, प्रबंधांना गाइड असणारे किंवा नुकतंच एमडी-एमएस झालेले कोणी इथे असाल तर कृपया सविस्तर लिहा.

मी नवी मुंबईतल्या एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे पीजीचा प्रबंध विद्यापीठाकडे जाण्याआधी प्लॅगरिझम (वाङ्मयचौर्य) तपासणीसाठी ग्रंथालयात येतो. सॉफ्टवेअरचा रिपोर्ट, त्यावर माझी सही आणि शिक्का. युजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आम्हीही तीच मर्यादा पाळतो.

गेल्या आठवड्यात बालरोग विभागातला एक रेसिडेंट (एमडी करणारा डॉक्टर) आला. प्रबंध लहान मुलांमधल्या डेंग्यूवर. रिपोर्ट ६ टक्के, म्हणजे काहीच अडचण नाही. वॉर्ड सध्या भरलेला, पोरगं रात्रभर जागं होतं हे दिसतच होतं. म्हणाला, "मॅडम, तेवढी संदर्भयादी व्हँकूवर स्टाइलमध्ये बसवून द्याल का?" वैद्यकीय लेखनात संदर्भ क्रमांकाने मांडायची ही पद्धत. हे मी बऱ्याच जणांना करून देते, म्हणून दुपारी बसले.

पहिले १३ संदर्भ सरळ बसले. चौदाव्याला पीएमआयडी (पबमेड या वैद्यकीय लेखांच्या मोफत सूचीतला क्रमांक) नव्हता, म्हणून शीर्षक पबमेडमध्ये टाकलं. काहीच नाही. वाटलं टायपिंगची चूक असेल. जर्नल खरं होतं, साल २०१९, खंड, अंक, पानं, सगळं जागच्या जागी. ते जर्नल आमच्याकडे छापील येतं, म्हणून उठले आणि कपाटातून बाइंड केलेला खंडच काढला. त्या पानांवर मुलांच्या फिट्सवरचा लेख होता, आणि यादीत दिलेलं पहिलं पान म्हणजे त्या लेखाचं तिसरं पान. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकला तर दातांच्या सिमेंटवरचा लेख उघडला. पहिल्या लेखिकेचं नाव मात्र खरं, त्या डेंग्यूवरच लिहितात. मी हादरले ती यामुळे. नाव ओळखीचं, जर्नल ओळखीचं, आणि शीर्षक असं की हा लेख कुठेतरी असणारच असं वाटावं.

त्या संध्याकाळी ठाण्याच्या दोन गाड्या सोडल्या. एकूण ५८ संदर्भ. त्यातले ९ कुठेच सापडले नाहीत. ४ लेख खरे आहेत, पण प्रबंधात त्यांच्या नावावर जे लिहिलंय ते त्यांच्यात नाही. आणि एक लेख जर्नलने केव्हाच मागे घेतलेला. पबमेडवर त्याच्या माथ्यावर तशी ठळक पट्टी आहे, पण यादी एआयकडून घेतली असेल (तसंच निघालं, पुढे सांगते), तर त्याच्या सारांशात ती कुठून येणार!

मग लक्षात आलं की आपला रिपोर्ट याबाबतीत आंधळाच आहे. युजीसीच्या नियमांत साम्य मोजताना संदर्भयादी वगळायची असते, आणि ते बरोबरच आहे. खरा संदर्भ हजार प्रबंधांत तसाच्या तसा असतो, तो मोजला तर प्रत्येक जण चोर ठरेल. पण त्यामुळे जिथे खोटं आहे नेमका तोच भाग यंत्र बघत नाही. आणि मजकूर एआयने नव्याने जुळवलेला असेल तर तो कुणाशीच जुळत नाही. टक्केवारी जितकी कमी, तितकं आपण निर्धास्त होतो.

रेसिडेंटला विचारलं. त्याने लपवलं नाही. मोफत मिळणाऱ्या एका चॅटबॉटला "या मुद्द्याला संदर्भ दे" असं सांगून यादी घेतली होती. त्याच्या गाइडना फोन केला. ते म्हणाले, "तुमचं काम साम्य बघायचं, मॅडम. संदर्भ मी बघतो." पण त्यांची सही आधीच झालेली आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, मी या साधनांच्या विरोधात नाही. मागच्या महिन्यात ओटीतून भूलतज्ज्ञ मॅडमचा फोन आला, एका दुर्मीळ सिंड्रोमच्या पेशंटला भूल देण्याबद्दल काही छापून आलंय का म्हणून. मी नेहमीप्रमाणे पबमेडमध्ये मेशचे (पबमेडच्या ठरावीक विषयशब्दांच्या यादीतले) शब्द लावून शोधलं आणि शेजारी एका एआय शोधसाधनातही साध्या इंग्रजीत प्रश्न टाकला. त्याने दिलेल्या पाचांपैकी एक केस रिपोर्ट माझ्या शोधात आलाच नव्हता, कारण लेखकांनी त्या आजाराचं जुनं नाव वापरलं होतं. लेख उघडून, वाचून मगच पाठवला. उपयोग झाला. तेव्हा बंदी घाला असं मला म्हणायचंच नाही.

तर प्रश्न असे. या प्रमाणपत्रावर सही करू का? केली तर काय लिहून करू? पुढच्या बॅचसाठी तुमच्याकडे संदर्भ तपासायची काही पद्धत बसवली आहे का? दुसरं म्हणजे, आमच्या एका प्राध्यापकांना सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी (एका प्रश्नावरचं सगळं संशोधन पद्धतशीर शोधून घेतलेला आढावा) शोध एआय साधनावर करून हवाय आणि पद्धतीच्या प्रकरणात मात्र "पबमेड व एम्बेस शोधले" असं लिहायचंय (एम्बेस हाही वैद्यकीय लेखांचा डेटाबेस). त्यांना नाही कसं म्हणू? पदाने ते माझ्या बरेच वर आहेत.

---

कपाट क्रमांक ६१६

ग्रंथसखी, मी ठाण्यात राहते, मुंबईतल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुमची धडधड समजू शकते.

सहीबद्दल आधी. प्रमाणपत्राचा मजकूर नीट वाचा. त्यात "साम्य तपासले" एवढंच असेल तर ते खरं आहे आणि तेवढ्यावर सही करता येईल. पण आता तुम्हाला बाकीचं माहीत झालंय, त्यामुळे गप्प राहून सही करू नका. सोबत वेगळा कागद जोडा: संदर्भ क्रमांक अमुक अमुक, कुठे शोधले, कोणत्या तारखेला, काय आढळलं. त्यात "बनावट" हा शब्द अजिबात नको. "आढळला नाही" असं लिहा. हेतू ठरवणं आपलं काम नाही, शोधल्याची नोंद ठेवणं आपलंच आहे. एक प्रत गाइडना, एक विभागप्रमुखांना, एक फाइलला, आणि आवक-जावक क्रमांक टाकायला विसरू नका.

तपासायची माझी रीत जुनीच आहे. पबमेडमध्ये सिंगल सायटेशन मॅचर नावाचं पान आहे. जर्नल, साल, खंड आणि पहिलं पान टाकलं की त्या पानापासून खरोखर कोणता लेख सुरू होतो ते समोर येतं, किंवा तिथे कोणताच सुरू होत नाही हे कळतं. बनावट संदर्भ बहुतेक तिथे पकडला जातो, कारण पत्ता खरा वाटतो, पण घरात राहणारा वेगळा असतो किंवा तिथे घरच नसतं. तिथे नसेल तर क्रॉसरेफ (डीओआयची नोंद ठेवणारी संस्था), मग जर्नलची स्वतःची साइट. आपली बरीच भारतीय जर्नल्स पबमेडवर नाहीत, त्यामुळे पबमेडमध्ये नाही म्हणजे अस्तित्वातच नाही, असं घाईने म्हणू नका. मागे घेतलेल्या लेखांसाठी रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफकडे आहे आणि सगळ्यांना मोफत खुला आहे. मुलांना झोटेरो (संदर्भ सांभाळायचं मोफत सॉफ्टवेअर) वापरायला लावा, त्या यादीशी जुळवून ते स्वतःच लाल इशारा दाखवतं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा चौथा नियम आपण सगळ्यांनी पाठ केलाय, वाचकाचा वेळ वाचवा. ही साधनं तोच नियम पुढे करून ग्रंथालयात शिरतात. पण ५८ संदर्भ तपासण्यात तुमची संध्याकाळ गेली, तो वेळ कोणाच्या खात्यात धरायचा?

---

तिसरं वर्ष

मी स्वतः रेसिडेंट आहे, कॉलेज सांगत नाही. ग्रंथसखी मॅडम, त्या मुलाची बाजू मांडायची आहे, पाठीशी घालायचं नाहीये.

बीसीबीआरचा (संशोधनपद्धतीचा) ऑनलाइन कोर्स आम्हाला करावा लागतो, साहित्य कसं शोधायचं ते त्यात आहे. पण तो करून झाल्यावर प्रत्यक्ष शोधायची वेळ येते ती रात्री दोन वाजता, वॉर्डाशेजारच्या ड्यूटी रूममध्ये, मोबाइलवर. पबमेडवर अ‍ॅबस्ट्रॅक्ट (सारांश) दिसतो आणि पूर्ण लेख पैसे मागतो. वन नेशन वन सबस्क्रिप्शन (जर्नल्स वाचायला मिळवून देणारी केंद्र सरकारची योजना) १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं, जवळपास १३,००० जर्नल्स आली, पण केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना. आम्ही खाजगीतले बाहेरच. चॅटबॉट मात्र पैसे मागत नाही आणि "सापडलं नाही" असंही सहसा म्हणत नाही. मला तर बराच काळ वाटायचं की तो कुठेतरी जाऊन शोधून आणतो. वेबवर शोधत नसेल तेव्हा तो फक्त संदर्भासारखा दिसणारा मजकूर रचत असतो, हे आमच्या ग्रंथपाल सरांनी एकदा समोर बसवून दाखवलं तेव्हा कळलं. त्यांनी माझ्याच विषयावर दोनदा तोच प्रश्न विचारला आणि दोन वेगळ्या याद्या आल्या. पाच मिनिटांचं काम होतं, पण मी ते विसरलो नाही.

विनंती एवढीच, की हे पहिल्या आठवड्यातल्या ओरिएंटेशनमध्ये सांगू नका. तेव्हा आम्हाला कॅन्टीन कुठे आहे तेही लक्षात राहत नाही. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहायच्या महिन्यात सांगा.

---

बेलापूरचा डॉक्टर

बालरोगतज्ज्ञ आहे, पीजी गाइडही आहे. तुमच्या त्या गाइडांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे: संदर्भ बघणं हे गाइडचंच काम. पण मग ते करायला हवं. आमच्यापैकी बरेच जण शेवटची संदर्भयादी उघडतही नाहीत. माझीही ती सवय होती, आता नाही.

आयसीएमजेईने (वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने) मे २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की एआयला लेखक म्हणता येणार नाही, वापर केला असेल तर तो सांगायचा, आणि छापलेल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी माणसाची. आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही) २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शिका काढली आहे. वरिष्ठांशी बोलताना यांचा आधार घ्या, म्हणजे ते तुमचं वैयक्तिक मत ठरत नाही.

मला एक विचारायचंय. न सापडलेल्या नऊपैकी उपचाराबद्दलच्या विधानाला जोडलेले किती? ते आधी बघा. प्रस्तावनेतला संदर्भ चुकला तर लाज जाते. उपचाराचा चुकला तर पुढच्या पावसाळ्यात तो प्रबंध चाळून कोणीतरी तसंच करेल.

---

पाचपाखाडी

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच्या प्रश्नाबद्दल. मी एका संशोधन संस्थेत माहिती-शोधाचं काम करते.

प्राध्यापकांना नाही म्हणू नका, लिहून द्या. २०२१ ची प्रिझ्मा-एस ही, असा शोध कसा नोंदवायचा ते सांगणारी, १६ मुद्द्यांची चेकलिस्ट त्यांच्यापुढे ठेवा. कोणता डेटाबेस, कोणत्या तारखेला, शोधाची पूर्ण ओळ जशीच्या तशी, हे सगळं त्यात मागितलंय. एआय साधनावरच्या शोधाची अशी ओळच नसते. तोच प्रश्न पुढच्या आठवड्यात टाकला तर दुसरे लेख वर येतात, आणि काय वगळलं गेलं ते कळत नाही. ते जोड म्हणून वापरा, आणि वापरलं असं नाव-तारखेसह लिहा. जे शोधलं नाही ते शोधलं म्हणून लिहिणं मात्र सरळ खोटं आहे, त्याला साधनाचा काही संबंध नाही.

एक भर घालते, कारण आपण ग्रंथपाल "मेश म्हणजे माणसाचा हात" असं अजून सांगत असतो. पबमेडमधल्या लेखांना मेशचे शब्द लावण्याचं काम २०२२ पासून यंत्रच करतं, माणसं निवडक लेख तपासून दुरुस्त करतात. त्यामुळे फक्त मेशवर विसंबू नका, शीर्षक आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टमधले शब्द, जुनी नावं, दोन्ही स्पेलिंग सोबत लावाच. तुमचा तो निसटलेला केस रिपोर्ट बहुतेक तसाच निसटला असेल.

---

ग्रंथसखी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

बेलापूरच्या डॉक्टरांचा प्रश्न वाचला तेव्हा मी लोकलमध्ये होते, घणसोली गेलं असेल. तिथेच मोबाइलवर प्रबंधाची फाइल उघडली. नऊपैकी आठ प्रस्तावनेत आणि पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात. नववा निष्कर्षांच्या चर्चेत, आणि वाक्य असं: रक्तस्राव नसलेल्या मुलांनाही प्लेटलेट एका मर्यादेखाली गेल्या की प्लेटलेट चढवल्याने फायदा होतो. आधाराला एकच संदर्भ. नेमका चौदावा.

बुधवारी रेसिडेंटला बोलावलं. संगणक त्याच्यासमोर ठेवला आणि सिंगल सायटेशन मॅचर त्यालाच वापरायला दिला. तिसऱ्या संदर्भापर्यंत तो बोलत होता, मग गप्प झाला. प्लेटलेटच्या वाक्यासाठी आम्ही दोघांनी मिळून शोधलं. डब्ल्यूएचओच्या डेंग्यूच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत नेमकं उलट निघालं: रक्ताभिसरण स्थिर असलेल्या रुग्णाला नुसता आकडा कमी म्हणून प्लेटलेट चढवणं उपयोगी ठरलेलं नाही आणि त्याची गरज नाही. त्याने ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मॅडम, वॉर्डात आम्ही हेच करतो, चढवत नाही. मी लिहिलं काय मग हे?"

ते वाक्य गेलं. आठांपैकी पाच जागी खरे लेख मिळाले, तीन विधानं त्याने स्वतः काढून टाकली. चुकीचं सांगितलेले चार लेख मी फुल टेक्स्ट मागवून त्याला दिले, त्याने ते परिच्छेद पुन्हा लिहिले. मागे घेतलेला लेख काढला. गुरुवारी सुधारलेल्या प्रतीसोबत मी तपासणीचा कागद जोडला, "आढळला नाही" हेच शब्द वापरून, आणि कोणते संदर्भ बदलले तेही लिहिलं. गाइड सर स्वतः ग्रंथालयात आले. नाराज होते, ते लपवलं नाही त्यांनी. कागद उभ्यानेच वाचला, प्लेटलेटच्या ओळीवर थांबले, आणि खाली सही केली. त्यानंतर मी माझी केली.

प्राध्यापकांना प्रिझ्मा-एसची छापील प्रत दिली आहे. अजून उत्तर नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या ग्रंथालय समितीची बैठक आहे. प्लॅगरिझम रिपोर्टसोबत संदर्भ-तपासणीचा एक वेगळा अर्ज असावा, तो रेसिडेंटने स्वतः भरावा आणि आम्ही त्यातले दहा संदर्भ कुठलेही उचलून तपासावेत, असा प्रस्ताव ठेवतेय. आम्ही ग्रंथालयात दोघंच आहोत आणि दर वर्षी साठच्या वर प्रबंध येतात, सगळे तपासणं जमणार नाही. कोणाकडे असा अर्ज आधीच वापरात असेल तर त्यात कोणते रकाने ठेवलेत तेवढं इथे लिहा. आणि तिसरं वर्ष, तुमच्या सरांनी नेमका कोणता प्रश्न दोनदा विचारला होता ते आठवत असेल तर सांगा. सिनॉप्सिसच्या महिन्यात मला तेच करून दाखवायचंय.