मदत हवी आहे: बी.एस्सी. रसायनशास्त्र, तिसऱ्या वर्षानंतर ऑनर्सचं चौथं वर्ष की थेट एम.एस्सी.? कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. ती कोल्हापुरातल्या एका स्वायत्त कॉलेजात बी.एस्सी.च्या सहाव्या सेमिस्टरला आहे. मेजर रसायनशास्त्र, मायनर वनस्पतीशास्त्र. जून २०२३ चा प्रवेश, म्हणजे नवीन शैक्षणिक धोरणाची पहिलीच बॅच. तिच्या पुढं या वाटेनं कुणी गेलेलं नाही, त्यामुळं विचारायचं तरी कुणाला हा प्रश्न आहे.

या उन्हाळ्यात ठरवायचंय. १२० क्रेडिटवर तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचं आणि विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांचं एम.एस्सी. करायचं, की आहे तिथंच थांबून चौथं वर्ष करायचं, १६० क्रेडिटची ऑनर्स पदवी घ्यायची आणि मग एका वर्षाचं एम.एस्सी. दोन्हीकडून वर्षं पाचच. म्हणून घरात सगळ्यांचं म्हणणं, पाचच लागणार असतील तर ओळखीच्या रस्त्यानं जा. बाबांचा ऊस आहे. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये आहे, डिप्लोमा झाल्या झाल्या कामाला लागलो. पदवीच्या पुढं काय असतं ते आमच्या घरात कुणालाच अनुभवानं माहीत नाही.

बहिणीला मात्र ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हवंय, आणि त्याचं कारण मला पटतं. मागच्या हंगामात फील्ड प्रोजेक्टला तिनं गूळ घेतला. गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी रसात हायड्रॉस टाकतात, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. त्यातला गंधक सल्फर डायऑक्साइडच्या रूपानं गुळात उरतो आणि त्याला ७० पीपीएमची मर्यादा आहे. मी तिला गाडीवरून आमच्या भागातल्या गुऱ्हाळांवर नेत होतो. गुळव्या काहिलीवरची मळी काढत असायचा आणि ही धुरात बाजूला उभी राहून पावडर किती पडली, कधी पडली ते वहीत लिहायची. भेंडीचा चिकट रस घालून मळी काढणाऱ्या गुऱ्हाळाचे नमुने वेगळ्या डब्यात. कॉलेजात आयोडीनचं टायट्रेशन केलं तर पिवळ्या गुळाचं जमलं, काळपट गुळाचं काही जमेना. द्रावणच इतकं तपकिरी की स्टार्चचा निळा रंग नेमका कधी उमटला ते दिसत नाही. तिथं ती अडली, आणि तेव्हापासून तो विषय तिच्या डोक्यातून जात नाही.

तर माझे प्रश्न असे. पाच सेमिस्टरअखेर तिचा सीजीपीए ७.८ आहे. रिसर्चला ७५ टक्के लागतात म्हणतात, ते कुठपर्यंतचे धरतात? एका वर्षाच्या एम.एस्सी.ला पीएच.डी., नोकरी या सगळ्यात दोन वर्षांच्या एम.एस्सी.इतकीच किंमत आहे का? कॉलेजात विचारलं तर “चौथं वर्ष बहुतेक सुरू होईल” एवढंच उत्तर मिळतंय. त्या ‘बहुतेक’वर विसंबून प्रवेश परीक्षेचा फॉर्म सोडून द्यायचा का? आणि शिष्यवृत्ती चौथ्या वर्षी चालू राहते का?

सायबर_चौक

भावा, फॉर्म अजिबात सोडू नकोस. फॉर्म भरला म्हणजे प्रवेश घेतलाच पाहिजे असं नाही.

मी स्वतः विद्यापीठात एम.एस्सी. करतोय (विषय वेगळा आहे). माझं मत थेट एम.एस्सी.च्या बाजूनं. कॉलेज आणि विद्यापीठातला विभाग यात वातावरणाचाच फरक पडतो. आजूबाजूला पीएच.डी. करणारी मुलं असतात, रात्री उशिरापर्यंत लॅब चालू असते, खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात, म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयात, बसायला मिळतं. संशोधन प्रकल्प म्हणशील तर तो एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातही असतोच. बहिणीला गुळावरचं काम तिथंही करता येईल.

प्रयोगवही

मी सांगली जिल्ह्यात रसायनशास्त्र शिकवते. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे बहुतेक पालक फक्त “कुठल्या पदवीला नोकरी लागेल” एवढंच विचारतात.

आधी नियमांचं सांगते. ७५ टक्के हे पहिल्या सहा सेमिस्टरचे मिळून धरतात, म्हणजे तुमच्या बहिणीचं सध्या चालू असलेलं सेमिस्टरही त्यात येणार. ७.८ हा आकडा चांगला आहे, पण सीजीपीएवरून टक्केवारी कशी काढायची ते सूत्र कॉलेजच्या परीक्षा विभागातून लेखी घ्या. गुणपत्रिकेवर ते मागच्या बाजूला छापलेलंही असतं.

चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत, हे अनेकांना कुणी सांगतच नाही. ‘ऑनर्स विथ रिसर्च’मध्ये १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आणि प्रबंध असतो. नुसत्या ‘ऑनर्स’मध्ये त्याऐवजी जास्तीचे पेपर असतात, आपल्या राज्याच्या आराखड्यात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षणही येतं. तुमच्या बहिणीला जे हवंय ते फक्त पहिल्या प्रकारात आहे. ७५ टक्के हुकले तर ती दुसऱ्या प्रकारात जाईल, आणि मग माझ्या मते तिनं चौथ्या वर्षाला थांबण्यात फारसा अर्थ नाही.

आता किमतीचं. राज्याच्या क्रेडिट आराखड्यात प्रत्येक वर्षाला स्तर दिलेला आहे. पदवीचं तिसरं वर्ष ५.५, ऑनर्सचं चौथं वर्ष ६.०, एम.एस्सी.चं पहिलं वर्षही ६.० आणि दुसरं ६.५. म्हणजे चौथं वर्ष आणि एम.एस्सी.चं पहिलं वर्ष कागदावर एकाच पायरीवर आहेत. म्हणूनच चार वर्षं केलेल्याला एका वर्षात, ४० क्रेडिटमध्ये एम.एस्सी. मिळते. यूजीसीचा पदव्युत्तर आराखडा जून २०२४ मध्ये आला, त्यात हे स्पष्ट आहे. पदवी म्हणून दोन्हीकडची एम.एस्सी. एकच.

पण माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न यापुढचा आहे. ‘ऑनर्स विथ रिसर्च’ चालवायला त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक लागतात. शिवाय प्रयोगशाळा, ग्रंथालय, जर्नल्स. जो विभाग आधीपासून पीएच.डी.चं संशोधन केंद्र आहे त्याला वेगळी परवानगी काढावी लागत नाही, बाकीच्यांना विद्यापीठाकडे जावं लागतं. तेव्हा “चौथं वर्ष सुरू होणार का” असं विचारू नका. “रसायनशास्त्रात मान्यताप्राप्त मार्गदर्शक कोण आहेत, आणि त्यातलं कुणी माझ्या बहिणीचा विषय घ्यायला तयार आहे का” असं विचारा. याचं उत्तर एका नावाच्या रूपात मिळालं तर थांबा. नाव मिळालं नाही तर कॉलेज कितीही चांगलं असो, तिला तिथं थांबवू नका. तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक जीव तोडून शिकवतात, मी पाहते, पण पुढच्या वर्षी ते तिथं असतील याची खात्री त्यांना स्वतःलाही नसते. प्रबंध अशा भरवशावर होत नाही.

मिरज_जंक्शन

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडेही ‘ऑनर्स’ आहे. तिथं तर जास्तीचं वर्ष लागत नाही, चार वर्षांतच होतं. मग इथं वर्ष का?

प्रयोगवही

@मिरज_जंक्शन, ते ऑनर्स निराळं. बी.टेक. मुळातच चार वर्षांचं. त्याच चार वर्षांत नेहमीच्या क्रेडिटवर साधारण १८ ते २० जादा क्रेडिट केले की पदवीवर ऑनर्स लागतं. बी.एस्सी., बी.ए., बी.कॉम.ला चौथं वर्षच ऑनर्सचं असतं.

कृष्णाकाठ

पीएच.डी.चं थोडं सांगतो, कारण मी त्यातून गेलोय.

यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीप्रमाणे चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी केलेला विद्यार्थी एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.ला अर्ज करू शकतो. एससी, एसटी, नॉन क्रीमिलेअर ओबीसी, दिव्यांग, ईडब्ल्यूएस यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. ऐकायला फार छान वाटतं, पण बहिणीनं एम.एस्सी. टाळू नये असं मी कळकळीनं सांगेन. उद्या तिला कॉलेजात प्राध्यापक व्हायचं झालं तर पदव्युत्तर पदवी लागतेच. शिवाय चार वर्षांवर थेट पीएच.डी.ला उडी मारलेली पोरं पहिल्या वर्षी स्पेक्ट्रोस्कोपीत गटांगळ्या खातात.

अमेरिकेला जायचा विचार असेल तर मात्र चौथ्या वर्षाचा उपयोग आहे. तिथली बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात आणि आपली तीन वर्षांची पदवी पंधरावर थांबते.

@सायबर_चौक, तुझा मुद्दा बरोबर आहे, पण एक बघ. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष म्हणजे सगळे पेपर आणि प्रॅक्टिकल. प्रकल्प दुसऱ्या वर्षी. गुऱ्हाळं साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत चालतात. म्हणजे तिला नमुन्यांसाठी मधला एक पूर्ण हंगाम सोडावा लागणार. चौथ्या वर्षी प्रकल्प घेतला तर येणाराच हंगाम हाताशी येतो.

सायबर_चौक

हंगामाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हे पटलं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला वाचून दाखवलं. हंगामाचा मुद्दा वाचल्यावर ती म्हणाली, “हेच मला घरात सांगता येत नव्हतं.”

एक विचारायचं राहिलं. काळपट गुळाचं टायट्रेशन जिथं अडलं त्यासाठी मोठं यंत्र लागतं का? कारण कॉलेजात ते नसेल तर मार्गदर्शक मिळूनही उपयोग काय, असं बाबा विचारतायत, आणि ते मलाही खरं वाटतं.

प्रयोगवही

नाही, आणि हे सांगायला मला फार आनंद होतोय. गुळाचं द्रावण थेट टायट्रेट करायचंच नाही. मोनियर-विल्यम्स नावाची जुनी पद्धत आहे. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये गुळाचं द्रावण घ्यायचं, हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळायचं आणि आतून नायट्रोजनचा संथ प्रवाह सोडायचा. सुटलेला सल्फर डायऑक्साइड कंडेन्सरमधून वर येऊन पुढच्या नळीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये शिरतो आणि तिथं त्याचं गंधकाम्ल होतं. ते सोडियम हायड्रॉक्साइडनं टायट्रेट करायचं. गुळाचा रंग मागं फ्लास्कमध्येच राहतो, तुमच्यासमोर येतं ते पाण्यासारखं स्वच्छ द्रावण. काचसामान बहुतेक कॉलेजात असतं, नायट्रोजनचं सिलिंडर तेवढं मागवावं लागेल. वेळ मात्र खातं. उकळणंच पावणेदोन तास चालतं, म्हणून दिवसाला मोजकेच नमुने होतात. आणि फ्लास्कला जोडलेला प्रत्येक सांधा घट्ट बसलेला हवा, नाहीतर वायू निसटतो आणि आकडा खोटाच कमी येतो. नवी मुलं इथंच फसतात. आधी माहीत असलेलं सल्फाइट घालून ते पूर्ण परत मिळतंय का ते तपासायचं, मग गुळाला हात लावायचा.

पुढं एखाद्या मोठ्या यंत्राची गरज लागलीच तर शिवाजी विद्यापीठात सैफ-सीएफसी केंद्र आहे, तिथं शुल्क भरून नमुने तपासून घेता येतात.

तिनं हा विषय सोडू नये. भेंडीच्या रसाचे आणि हायड्रॉसचे नमुने शेजारी ठेवून कुणी नीट आकडे मांडले तर गुऱ्हाळवाल्यांनाही ते दाखवता येतील. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याच्या बाजूनं बोलायला असे आकडे हवेत.

भवानी_मंडप

शिष्यवृत्तीबद्दल. मी एका कॉलेजच्या कार्यालयात आहे. महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, तो तुम्ही तीन वर्षं भरलाच असेल. प्रवेश घेण्याआधी कार्यालयात जाऊन चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम पोर्टलवर कॉलेजच्या नावापुढं आलाय का ते पडद्यावर बघूनच घ्या. नवीन अभ्यासक्रमाचं नाव चढवायला कधी कधी उशीर होतो आणि मुलांना आधी फी भरून वाट बघावी लागते. एम.एस्सी.ला गेली तर नव्यानं अर्ज. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये सेतूत रांगा लागतात.

आणि तिचा अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) आणि एबीसी खातं (जिथं क्रेडिट जमा होतात ती बँक) उघडून बघा. पाचही सेमिस्टरचे क्रेडिट तिथं जमा दिसायला हवेत. चौथं वर्ष दुसऱ्या कॉलेजात करायची वेळ आली तर तेच दाखवावे लागतील. एखादं सेमिस्टर दिसत नसेल तर परीक्षा विभागात अर्ज द्या, मेल करून थांबू नका.

धागाकर्ता

एबीसी खातं लगेच उघडून बघितलं. चार सेमिस्टर दिसतायत, पाचवं नाही. बरं झालं तुम्ही सांगितलंत, उद्याच अर्ज देतो. सेतूत बाबा जाणार आहेत.

आम्ही असं ठरवलंय: प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा. या आठवड्यात मी रजा टाकून बहिणीबरोबर विभागात जाणार, प्रयोगवही ताईंनी सांगितलेला प्रश्न जसाच्या तसा विचारणार आणि तिची गुऱ्हाळाची वही सोबत नेणार. मार्गदर्शकाचं नाव मिळालं आणि त्यांनी विषय घेतला तर चौथं वर्ष. नाही मिळालं तर कोल्हापूर, सांगलीत जिथं रसायनशास्त्राचं संशोधन केंद्र आहे अशा कॉलेजांत चौकशी करणार, आणि तिथंही जागा नसेल तर एम.एस्सी. बाबांनाही हे मान्य आहे.

कोल्हापूर, सांगली किंवा सातारा जिल्ह्यात कुणाच्या कॉलेजात रसायनशास्त्राचं ‘ऑनर्स विथ रिसर्च’ येत्या जूनपासून नक्की सुरू होणार असेल, आणि बाहेरच्या कॉलेजातल्या मुलीला प्रवेश देणार असतील, तर कृपया इथं लिहा. वसतिगृहाची सोय असेल तर तेही कळवा.