बडोद्यात आईसाठी केअर होम बघतेय. कशाला किती वजन द्यायचं?

मांजलपूरची लेक

नमस्कार मंडळी. बडोद्यात राहणाऱ्यांचा किंवा बडोदा माहीत असलेल्यांचा सल्ला हवाय. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आई ७९ वर्षांची. बाबा रेल्वेत होते, तीन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतरही आई दांडिया बाजारातल्या जुन्या घरात एकटी राहायची, सगळं स्वतःचं स्वतः करायची. मागच्या श्रावणात न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालते. पण हॉस्पिटलमधून आल्यापासून विसरणं फार वाढलं. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, मधल्या टप्प्यातला. दिवसभर बरी असते. दिवेलागणीला मात्र जीव थाऱ्यावर राहत नाही. "नळ आला असेल, पाणी भरायचंय," म्हणत वॉकर सोडून दाराकडे निघते. माझ्या फ्लॅटमध्ये दिवसभर पाणी असतं, हे तिला कितीही सांगा, पटत नाही. गेल्या महिन्यात रात्री तीन वाजता गॅलरीत बादली मांडून बसलेली सापडली. पावलं बर्फासारखी गार पडली होती.

मी बँकेत, नवरा हलोलला कंपनीत, त्याच्या शिफ्ट बदलत्या. भाऊ पुण्यात. पैशाला तो कधी मागे हटला नाही, पण त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. ब्यूरोतून दोन बायका ठेवून पाहिल्या. पहिली तीन आठवड्यांत न सांगता गेली. दुसरी फार चांगली होती, तिच्याच घरी आजारपण निघालं.

वाघोडिया रोडवर हायवेच्या पलीकडे एक केअर होम पाहून आलो. नाव लिहीत नाही. स्वच्छ आहे, फिनाइलचा भपकारा मारून स्वच्छ दाखवलेलं नव्हे. सगळं तळमजल्यावर, रॅम्प, संडासात दोन्ही बाजूंना धरायला दांडे, गादीपाशी बेल. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीन दिवस येतात. मागे छोटी बाग आहे, तिथे चार आज्या वाटाणे सोलत बसल्या होत्या. ते पाहून मला खूप बरं वाटलं.

आता खटकलेलं. एका खोलीत तिघी. जेवण सात वाजता आणि साडेसातला सगळ्यांना खोलीत नेतात. मराठी कुणालाच येत नाही. केअरटेकर मुली सगळ्यांना "बा" म्हणतात. एकीने प्रेमाने हाक मारली, "बा, जमी लो ने" (जेवून घ्या ना). आईने मागे वळून पाहिलंच नाही, बा दुसरीच कुणी असेल असं तिला वाटलं. महिना ३२ हजार, त्यात डायपर, औषधं, फिजिओ धरलेले नाहीत. डिपॉझिट दोन महिन्यांचं. आणि रात्री किती माणसं असतात विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "स्टाफ पूरतो छे." दोनदा विचारलं, आकडा सांगितला नाही.

भाऊ म्हणतो, याहून चांगलं मिळणार नाही, नक्की करून टाक. मावशी म्हणते, आईला घरडाघरात (वृद्धाश्रमात) टाकणार? मला दोघांनाही उत्तर देता येत नाहीये. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय पाहिलं असतं?

कारेलीबागवाला

मावशीचं मनावर घेऊ नका. ज्यांना रात्री तीनला उठावं लागत नाही त्यांना बोलणं सोपं असतं.

निवृत्त सिस्टर

३४ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली निम्मी नाइट ड्यूटीत. म्हणून तुझ्या त्या "पूरतो छे"पाशीच थांबले. दिवसा कुठलीही जागा नीट चालते. मॅनेजर असतो, नातेवाईक येतात, फिजिओवाला असतो. खरी परीक्षा संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत, आणि तुझ्या आईचा त्रास नेमका त्याच वेळचा. साडेसातला सगळ्यांना खोलीत नेणं हे बहुतेक वेळा माणसं कमी असल्याचं लक्षण असतं. म्हाताऱ्यांना तेव्हा झोप येत नसते, ड्यूटीवरच्या एकदोघींना निभावून न्यायचं असतं. तेव्हा आकडा घेतल्याशिवाय हलू नकोस. खाटा किती, रात्री माणसं किती, त्यातली जागी किती. शिकलेली नर्स असते की फक्त मदतनीस? रात्री शुगर उतरली तर कोण ओळखणार, गाडी कुठून येणार, कुठल्या हॉस्पिटलात नेणार?

साध्या बुधवारी रात्री आठ वाजता न सांगता जा. आत सोडलं नाही तर ते का, हे विचार.

गेलीस की तिथल्या सगळ्यात आजारी माणसाकडे बघ. जे स्वतः कूस बदलू शकत नाहीत त्यांना दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होतात. टाचा चादरीबाहेर असतात, जाता जाता नजर टाकलीस तरी लाल-काळे डाग दिसतील. भिंतीला कूस बदलल्याची नोंद लावलेली असेल तर वेळा वाच. खरी नोंद वेडीवाकडी असते, वेगवेगळ्या हातांची, कुठे ८:१०, कुठे १०:२५. एकाच पेनाने सरळ ओळीत ८, १०, १२, २ लिहिलेलं असेल तर ते सकाळी बसून भरलेलं समज.

पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवलाय का? माणसं कमी असली की पाणी कमी दिलं जातं, म्हणजे संडासला कमी वेळा न्यावं लागतं. मग लघवीचं इन्फेक्शन होतं. म्हातारपणी त्यात ताप येईलच असं नाही, एकाएकी भ्रम वाढतो, आणि घरचे म्हणतात डिमेन्शिया वाढला. आई दोनचार दिवसांत अचानक बिघडली तर आधी लघवी तपासून घ्यायची, हे तिथल्या लोकांना आणि भावाला, दोघांनाही सांगून ठेव.

झोपेची नवीन गोळी मला फोन केल्याशिवाय द्यायची नाही, हे लेखी घे. खुर्चीला बांधतात का, हे स्पष्ट शब्दांत विचार, लाजू नकोस. एक खुबा मोडलेली बाई गुंगीत उठली की दुसरा खुबा मोडायला वेळ लागत नाही.

आणि नळाबद्दल. "आई, पाणी आहे गं" म्हणून वाद घालू नकोस. तिच्यासाठी नळ खरोखर आलेला असतो. "चल, भरू या" म्हणायचं, एक तांब्या भरू द्यायचा. भरून झालं की जीव शांत होतो.

अकोट्याहून

अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बडोद्यात जागा बघताना ऑगस्ट २०२४ विसरू नका. विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या ८४ वर्षांच्या काकांना आम्ही चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं. काकांना ऑक्सिजनचं मशीन लागायचं आणि लाइट गेलेले. जनरेटर होता, पण तोही तळघरात.

"सगळं तळमजल्यावर" ही वॉकरवाल्या आईसाठी जमेची बाजू खरीच. पण त्या भागात २०२४ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, मॅनेजरला नको. जनरेटर जमिनीपासून किती वर आहे ते डोळ्यांनी बघा. अंथरुणाला खिळलेल्यांना वर कसं नेणार, हेही विचारा. याला उत्तर तयार असलं तर त्या लोकांनी आधी विचार केलाय असं धरायला हरकत नाही.

वरणभात

माझे वडील अशाच एका ठिकाणी १४ महिने होते, तिथेच गेले. दुसरी जागा, पण बडोद्यातलीच. चांगलं आधी सांगते. पडणं थांबलं. घरी महिन्यातून दोनदा पडायचे, तिथे १४ महिन्यांत एकदा. औषधं वेळेवर. आणि मी पुन्हा त्यांची मुलगी झाले. घरी मी दिवसभर फक्त ओरडत होते, "बाबा उठू नका, बाबा थांबा." तिथे जाऊन त्यांच्याशेजारी बसता यायचं, नखं कापता यायची. हा फायदा माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

कमी पडली ती भाषा, आणि मी तिला फार हलकं धरलं होतं. बाबांनी आयुष्यभर उत्तम गुजराती बोलून धंदा केला. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी फक्त मराठी उरलं. "पोटात दुखतंय" म्हणायचे आणि मुलगी गोड हसून मान डोलवायची. चांगली पोरगी होती, तिचा काय दोष? चार दिवस कळलंच नाही. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा कळलं, शौचाला होत नव्हतं.

मग मी गुजराती लिपीत १५ मराठी शब्द मोठ्या अक्षरांत लिहून खाटेवर चिकटवले. दुखतंय, तहान, शी, लघवी, थंडी, भीती वाटते, असे. समोर गुजराती अर्थ. हे पहिल्या दिवशीच करा. आणि आईला काय म्हणून हाक मारायची तेही लिहा.

जेवणाचं म्हणाल तर गोड डाळ बाबांनी कधी मनापासून खाल्ली नाही. वजन उतरलं. दर महिन्याला वजन करून वहीत लिहितात का, ते विचारा.

दोन्ही बाजू पाहिलेला

सगळे केअर होमच्याच वाटेने चाललेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. आम्ही आजीला शेवटपर्यंत घरी ठेवलं. दिवसाची बाई, रात्रीची बाई आणि बदलीसाठी तिसरी ठरलेली. खर्च तुम्हाला सांगितलेल्या आकड्याहून जास्त झाला. पण देवघर तेच, खिडकी तीच. तिसरी बाई ठरलेली नसती तर पहिल्या दोन महिन्यांतच सगळं कोसळलं असतं. तुमचे दोन्ही प्रयत्न तिथेच फसले असं वाटतं, बदलीचं माणूस नव्हतं. ते मिळत असेल तर घरचा पर्याय अजून संपलेला नाही. मिळत नसेल तर ओढाताण करू नका. माझ्या आईची कंबर आजीला उचलण्यात कायमची गेली.

जुना हिशेबनीस

थोडं कागदपत्रांचं.

करारात तीन गोष्टी शोधा. सोडायचं झाल्यास नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि हॉस्पिटलात असतानाच्या दिवसांचे पैसे लागतात का. तिसऱ्यावरूनच नंतर कटकटी होतात.

दांडिया बाजारचं घर एवढ्यात विकू नका, निदान सहा महिने. त्यावर कुणाचं बक्षीसपत्र करायचा विषय निघाला तर सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्यासाठीच आहे, अट पाळली नाही तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. पण आईंचं निदान झालेलं असल्याने त्यांच्या सहीवरही उद्या प्रश्न उठू शकतो, म्हणून वकिलाशी आधी बोला.

रेल्वेची फॅमिली पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चुकवू नका. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, खोलीत बसून करता येईल. ८० पूर्ण झाल्यावर तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. आणि आजारी पडल्यास प्रतापनगरच्या रेल्वे हॉस्पिटलात नेणार की त्यांच्या ओळखीच्या खासगी हॉस्पिटलात, हे आधी ठरवा.

कुठेही ज्येष्ठांची आबाळ होताना दिसली तर १४५६७ ही एल्डरलाइन आहे, फुकट आहे. नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

समा रोड

७० वर्षांवरच्यांना आयुष्मानमध्ये पाच लाखांचं कव्हर मिळतं ना? त्यातून केअर होमचं बिल निघेल का?

जुना हिशेबनीस

नाही. ते हॉस्पिटलात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, राहण्याच्या महिन्याच्या पैशांसाठी नाही.

मांजलपूरची लेक

सगळ्यांची मनापासून ऋणी आहे. सिस्टर, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि बुधवारी रात्री आठला न सांगता गेले. गेटवर पाच मिनिटं थांबवलं, मग सोडलं. २२ खाटा, दोन मुली, नर्स एक. तिघी जाग्या होत्या. नोंदीचा कागद वेडावाकडा होता, एका ठिकाणी वेळ खोडून पुन्हा लिहिलेली. ती खाडाखोड पाहून मला हायसं वाटलं. दोन आजोबांच्या टाचा पाहिल्या, ठीक होत्या. एका आजीच्या उशाशी पाणी नव्हतं. मी दाखवल्यावर नर्सने लगेच आणून ठेवलं, पण दाखवावं लागलं.

पुराचं चहाच्या टपरीवर विचारलं. रस्त्यावर पाणी होतं, आवारात आलं नव्हतं म्हणाले. जनरेटर ओट्यावर आहे.

भावाशी बोलून आईला १५ दिवसांसाठीच ठेवलंय. रोजचे पैसे थोडे जास्त पडतात, पण डिपॉझिट नाही. घरी दोन खात्रीच्या बायका आणि बदलीची तिसरी मिळते का, तेही शोधतेय.

मांजलपूरची लेक

अकरावा दिवस. पहिले तीन दिवस वाईट गेले. आई जेवली नाही, मला पाहून तोंड फिरवून बसली. मी गाडीत बसून रडले.

शब्दांचा कागद लावला. "आई" म्हणायचं हे मोठ्या अक्षरांत वर लिहिलं. पाचव्या दिवशी दाहोदकडची एक मुलगी "आई, पाणी?" म्हणाली आणि आईने मान वर केली. तिलाच नळाचं समजावून सांगितलं. आता साडेसहाला ती आईला बागेतल्या नळापाशी नेते. आई वॉकर धरून उभी राहते, मुलगी कळशी भरते, आई ती भरेपर्यंत बघते आणि म्हणते, "पुरे, आता दुसऱ्यांना येऊ दे." मग जेवायला बसते. ती मुलगी सुट्टीवर असते त्या दिवशी मात्र हे होत नाही, आणि त्या दोन्ही रात्री आई झोपली नाही.

वजन ४०० ग्रॅमने उतरलंय. डाळीत साखर न घालता एक वाटी बाजूला काढायला ते तयार झालेत. साडेसातचं खोलीत जाणं आईपुरतं साडेआठवर आणलं. रात्री तिसरी मुलगी ठेवण्याबद्दल मॅनेजर "जोईशु" (बघू) म्हणतात. मी ते करारात मागितलंय. भाऊ म्हणतो, फार ताणू नकोस. मी अजून सही केलेली नाही, आणखी १५ दिवस वाढवून घेतलेत.

तोवर अटलादरा किंवा भायलीच्या बाजूला कुणी एखादी जागा रात्री जाऊन पाहिली असेल तर इथे लिहा. मराठी येणारी एक जरी केअरटेकर असेल तरी मी उद्याच बघायला जाईन.