शब्द हवा आहे : 'ओव्हररेटेड'ला मराठीत काय म्हणाल?

मूळ प्रश्न

रविवारी घरी 'पिंजरा' लावला होता. १९७२ चा, शांतारामबापूंचा. बाबा (वय ८२) खुर्ची पुढे ओढून बसलेले, मी जमिनीवर, पुतणी मोबाईलवर एक डोळा ठेवून. अर्ध्यावर ती म्हणाली, "काका, शिव्या घालू नका, पण हा जाम ओव्हररेटेड आहे." बाबांनी मान वळवली. "म्हणजे काय? मराठीत बोल." ती अडली. मीही अडलो. गेली तीस वर्षं मी मराठीत लिहून पोट भरतो, तरी तोंडाला शब्द येईना.

तेव्हा दोन शब्द शोधतोय. एक 'ओव्हररेटेड'ला. दुसरा, सगळ्यांनी नावाजलेल्या सिनेमाबद्दल किंवा नटाबद्दल असं उलटं मत असतं, ज्याच्या आधी हल्ली 'अनपॉप्युलर ओपिनियन' असं म्हणून घेतात, त्याला. शब्दकोशात आहेत म्हणून देऊ नका. घरात, चहाच्या टपरीवर तोंडात बसतील असे द्या.

एक अनुवादक

दुसऱ्यापासून सुरुवात करते. वर्तमानपत्रं 'अलोकप्रिय निर्णय' लिहितात, करवाढ वगैरे. पण 'अलोकप्रिय मत' म्हटलं की ते मत निवडणुकीला उभं राहून पडल्यासारखं वाटतं. 'अप्रिय'ही नको, अप्रिय गोष्ट ऐकणाऱ्याला बोचते, इथे बोचतंच असं नाही. नेमका शब्द जुनाच आहे : लोकविरुद्ध. 'यद्यपि शुद्धं लोकविरुद्धं नाचरणीयं नाकरणीयम्' हे आमच्या आजीच्या तोंडी असायचं. बरोबर असलं तरी चारचौघांच्या विरुद्ध जाऊ नये! म्हणजे या मताला शब्द होता, फक्त तो तोंड बंद ठेवायला सांगताना वापरायचे.

'ओव्हररेटेड'साठी मी एकदा 'अतिमूल्यांकित' लिहिलं होतं. संपादकांनी खोडलं, योग्यच केलं.

प्रश्नकर्ता

'लोकविरुद्ध' आवडला, पण पुतणी वापरणार नाही. ती 'शिव्या घालू नका, पण' म्हणाली, मला वाटतं तेच मराठी आहे. 'मार खायची तयारी ठेवून सांगतो', 'चपला पडतील, पण'. मराठीत मताला विशेषण लावायची रीत नाही, आधी स्वतःच्या पाठीची काळजी घ्यायची रीत आहे.

नागपूरहून

'अतिरंजित' चालेल का?

अनुवादक

नाही हो. सिनेमात दाखवलेलं अतिरंजित असतं. सिनेमाचं कौतुक अतिरंजित असू शकतं, पण मग 'अतिरंजित कौतुक' म्हणायला हवं. नुसतं 'पिंजरा अतिरंजित आहे' म्हणालात तर ऐकणारा समजेल, गोष्ट फार फुगवली आहे. (शिक्षकावर स्वतःच्याच खुनाचा खटला चालतो, तेव्हा तसंही म्हणता येईल. पण तो वेगळा वाद.)

कोल्हापूरहून

आमच्याकडं सरळ म्हणत्यात, 'लईच उचलून धरलंय'. न्हाईतर 'बडा घर पोकळ वासा'. न्हाईतर 'नाव मोठं, लक्षण खोटं'. आनि कुणी काय म्हणू दे, 'पिंजरा'ची गाणी काढून दाखवा बगू. खेबुडकर लिहिणार, राम कदम चाल देणार, उषाताई म्हणणार. त्येला ओव्हररेटेड म्हणायचं?

प्रश्नकर्ता

गाण्यांवर पुतणीचाही आक्षेप नाही, ती मधेच मोबाईल खाली ठेवून गुणगुणली. पण तुमच्या म्हणींनी माझी अडचण उलट स्पष्ट झाली. पोकळ वासा म्हणजे आत काहीच नाही. ओव्हररेटेड म्हणणारा तसं म्हणत नाही. माल बरा आहे, भाव जास्त लावलाय, इतकंच त्याचं म्हणणं. 'सुमार' म्हटलं तरी तेच होतं. 'सुमार' मुळात फारसी शुमार, म्हणजे मोजणी. 'सुमारे'मध्ये तो अजून अंदाजाचं काम करतो, 'बेसुमार'मध्ये मोजदाद संपते. आणि सिनेमाला लावला की थेट नापास. मधल्या गुणांचा म्हणून निघालेला शब्द घसरत पार खाली गेला.

पुण्याहून, निवृत्त शिक्षिका

मला वाटतं तुम्ही विशेषण शोधताय म्हणून सापडत नाही. क्रियापद शोधा. 'डोक्यावर घेणे' बघा. 'सैराट प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला' ही २०१६ ची बातमी, आणि ती कौतुकाचीच. 'डोक्यावर घेऊन नाचले' म्हणा, लगेच नाकाचा शेंडा वर गेला. 'डोक्यावर बसवलं' म्हणा, आता ते लाड झाले आणि उद्या पस्तावाल असा इशाराही आला. 'डोक्यावर चढवलं' म्हटलं की नट माजलेलाच. डोकं तेच, ओझं तेच, फक्त क्रियापद हलवलं की मत बदलतं. आणि 'घर डोक्यावर घेतलं' म्हणजे पोरांनी गोंधळ घातला, त्यात कौतुकाचा मागमूस नाही.

दुसरं, 'उदोउदो'. उदो म्हणजे उदय. तुळजापुरात 'आई राजा उदो उदो' म्हणताना त्यात शंभर टक्के भक्ती असते. तोच शब्द माणसाला किंवा सिनेमाला लावला की टिंगल होते. 'अमक्याचा नुसता उदोउदो चाललाय.' देवीचं देवीलाच द्यावं, बाकी कुणाला दिलं तर ते जास्तच होणार, असा हिशेब असावा. हे माझं मत आहे, कोशात शोधू नका.

यातल्या प्रत्येक वाक्यात कर्ता लोक आहेत, हे बघा. डोक्यावर घेतलं कुणी? लोकांनी. उदोउदो कुणी केला? लोकांनी. इंग्रजीत 'ओव्हररेटेड' म्हटलं की दोष सिनेमाच्या अंगाला चिकटतो, जास्त भाव देणारा मात्र वाक्यातून पसार. मराठी त्याला पसार होऊ देत नाही.

प्रश्नकर्ता

मास्तरीणबाई, नमस्कार. हे पटलं, आणि यावरून 'अंडररेटेड'चा घोळही सुटतो. दादा कोंडके अंडररेटेड की ओव्हररेटेड? 'सोंगाड्या' १९७१ ला आला, त्यानंतरही त्यांचे चित्रपट महिनोन् महिने चालले. 'उपेक्षित' म्हणावं तर खिडकीवर रांगा. 'झाकलं माणिक' म्हणावं तर झाकलं कुठे होतं? मराठीत सरळ म्हणता येतं : प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, समीक्षकांनी नाक मुरडलं. दोन कर्ते, दोन क्रियापदं, वाद मिटला.

नागपूरहून

मग माझीही चप्पल खाण्याची तयारी. २०१६ चा 'नटसम्राट' मला सोसला नाही. नाना पाटेकर ओव्हरॲक्टिंग करतात असं मी ऑफिसात म्हणालो, तर दोघांनी डबा वेगळा घेतला. याला मराठीत काय म्हणू?

पुण्याहून

आधी कशा प्रकारचं 'ओव्हर' ते ठरवा. आवाज जास्त असेल तर 'आक्रस्ताळा'. रंग जास्त असेल तर 'भडक'. हातवारे जास्त असतील तर 'अंगविक्षेप'. खोटं वाटत असेल तर 'नाटकी'. पण बेलवलकर हा रंगभूमीवरचा नट, त्यानं घरातही नाटकी बोलावं हेच त्या पात्राचं दुखणं आहे! शिरवाडकरांचं मूळ नाटक १९७० चं. डॉ. लागूंना ती स्वगतं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची होती. कॅमेरा नाकापासून हातभर अंतरावर आल्यावर तीच स्वगतं कितपत उंच लावायची, हा प्रश्न नानांपुढे होता. तुम्हाला ते उंच वाटलं, तर 'वरच्या पट्टीत' म्हणा. त्यात दोष आहे की नाही ते ऐकणारा ठरवील, आणि डबाही वेगळा होणार नाही.

गंमत म्हणजे 'नाटकी' ही शिवी झाली आणि 'सिनेमॅटिक' ही शाबासकी. ज्या भाषेत अण्णासाहेब किर्लोस्करांपासून नाटकानं घर केलं, तिनंच नाटकाचं विशेषण असं वापरावं!

बँकेत नोकरी केलेला

मधेच घुसतो. भूमिका 'वठवली' म्हणतात ना, तोच शब्द आमच्याकडे धनादेशाला. धनादेश वठला म्हणजे पैसे खात्यात आले. न वठलेल्या धनादेशावर खटला होतो. मला नेहमी वाटतं, गाजलेल्या नटाच्या बाबतीत प्रेक्षक धनादेश न वठवताच पैसे मोजून मोकळे होतात. नाव बघूनच टाळी. आणि वठलेलं झाड म्हणजे वाळलेलं, त्यामुळे 'या वयातही त्यांनी भूमिका वठवली' असं कुणी लिहिलं की मला भलतंच दिसतं.

प्रश्नकर्ता

हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावणार आहे.

'नावाजलेला'बद्दलही एक सांगतो. तो 'नाव'वरून आलाय असं मी परवापर्यंत समजत होतो. तो फारसी 'नवाज'वरून, 'गरीबनवाज'मधल्या. म्हणजे कृपा करणं, मान देणं. मराठीत येताना नावाला घासून गेला आणि 'नावाजणे' झाला. नाव होणं आणि कुणीतरी मेहेरबानी करणं, दोन्ही त्यात आहे. पारितोषिकांसाठी याहून चांगलं क्रियापद मिळणार नाही.

अनुवादक

पारितोषिकांवरून आठवलं. 'कोर्ट'ला व्हेनिसला पारितोषिक मिळालं, मग राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, ऑस्करसाठी भारतातर्फे गेला. माझ्या नवऱ्यानं चाळीस मिनिटांत झोप काढली आणि उठून 'रटाळ' म्हणाला. मी 'संथ' म्हणते. कॅमेरा एका जागी बसून राहतो, तारखा पडत राहतात, न्यायालय खरंच तसं चालतं. संथ म्हणजे नदी पाणी वाहून नेतेय, घाई नाही. रटाळ म्हणजे पाणीच नाही. एकच सिनेमा, एकच सोफा, दोन शब्द. संसार चालू आहे.

कोल्हापूरहून

दोघंबी बरोबर. पन तुमच्या पुतनीला शबुद काय दिला शेवटी?

प्रश्नकर्ता

'फाजील कौतुक'. मला तो सगळ्यांत जवळचा वाटला. अरबीत फाजील म्हणजे विद्वान आणि शिल्लक उरलेलंही, आपण त्यातली विद्वत्ता सोडून उरलेलं तेवढं घेतलं : फाजील लाड, फाजील आत्मविश्वास. कौतुक आहे, ते खरंही असेल, पण मापाबाहेर सांडलंय. सिनेमाला धक्का नाही, कौतुक करणाऱ्याला कोपरखळी. अर्थ अगदी नेमका बसतो.

काल जेवताना पुतणीनं ऐटीत वापरला. "आजोबा, 'पिंजरा'चं फाजील कौतुक झालंय." बाबांनी घास खाली ठेवला. "फाजील कोण, मी?" मग पाऊण तास आम्हाला तमाशा, प्रभात, मास्तर, संध्याबाईंचं नाचणं आणि १९७२ साली तिकिटासाठी उन्हात किती उभं राहिले होते, ते सगळं ऐकावं लागलं. कर्ता लोक, आणि त्या लोकांतले एक आमच्याच पंक्तीला बसलेत, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "काका, तुमचा शब्द तुम्हीच ठेवा. ओव्हररेटेड म्हणाले तेव्हा त्यांना काही कळलं नव्हतं, तेच बरं होतं."