पावसाळ्यात नॅनोट्यूबची वाढ खुंटते: कारण ओलावा की ॲसिटिलीन?

विदर्भकण (नागपूर): आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सिलिकॉनवर ॲल्युमिना आणि त्यावर सुमारे 1 नॅनोमीटर लोहाचा थर देऊन, 750 अंश सेल्सिअसला ॲसिटिलीन, हायड्रोजन व आर्गॉन यांच्या प्रवाहात कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या) वाढवल्या जातात. मे महिन्यात उभ्या नळ्यांचा दाट, काळाभोर गालिचा मिळत होता. जुलैपासून मात्र तापमान, वेळ आणि प्रवाह तेच ठेवूनही उंची निम्म्यावर आली आहे आणि रमण वर्णपटातील डी पट्टाही (नळ्यांच्या रचनेतील दोष दाखवणारा) वाढला आहे. खोलीतील दमटपणामुळे इतका फरक पडू शकतो का?

भट्टीकर: पडू शकतो. 2004 मध्ये जपानमधील हाता, इजिमा व सहकाऱ्यांनी एथिलीनच्या प्रवाहात पाण्याची अत्यल्प वाफ सोडून दहा मिनिटांत सुमारे 2.5 मिलिमीटर उंचीचे एकभित्ती (एकाच कार्बनथराची भिंत असलेल्या) नळ्यांचे रान उभे केले. तापलेल्या लोहथराचे जे कण नळ्यांची वाढ घडवतात, त्या लोहकणांवर साचणारा अस्फटिक कार्बन ही वाफ काढून टाकते. पण ती काहीशे पीपीएमच्या (दहा लाखांत काहीशे भाग) आसपासच उपकारक असते आणि त्याहून फार वाढली की उत्प्रेरकच, म्हणजे हे लोहकण, निकामी होऊ लागतो. तीस अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असलेल्या हवेत पाण्याचे प्रमाण सुमारे 33,000 पीपीएम असते, म्हणजे अशी हवा एक टक्का जरी आत आली तरी 330 पीपीएम पाणी आत शिरले. तरीही मला गळतीची शंका कमी वाटते, कारण गळतीतून ऑक्सिजनही आला असता आणि त्याचा त्रास मे महिन्यातही जाणवला असता. नमुना ठेवताना क्वार्ट्झ नळी उघडी राहते, तेव्हा तिच्या भिंतीवर बसणारा पाण्याचा पातळ थर मला अधिक संशयास्पद वाटतो. (मे महिन्यात खोलीत कूलर चालू असेल, तर ‘कोरडा उन्हाळा’ हे गृहीतकही तपासावे लागेल!)

जुनासिलिंडर: ओलाव्याकडे वळण्यापूर्वी सिलिंडरचा दाब पाहावा. ॲसिटिलीन ॲसिटोनमध्ये विरघळवून भरलेले असते आणि सिलिंडर रिकामा होत आला की वायूबरोबर येणाऱ्या ॲसिटोनच्या वाफेचे प्रमाण वाढते. प्रवाहमापक आकडा तोच दाखवतो, पण भट्टीत जाणारे मिश्रण बदललेले असते.

विदर्भकण: कूलर व्हरांड्यात होता, खोलीत नव्हता. सिलिंडर मात्र मार्चपासूनचा आहे आणि आता अखेरीला आला आहे, त्यामुळे दोन्ही शंका एकाच वेळी खऱ्या ठरू शकतात.

भट्टीकर: म्हणूनच दोन्ही गोष्टी एकदम बदलू नका. आधी सिलिंडर तोच ठेवून, नमुना भट्टीच्या थंड टोकाला ठेवावा आणि क्वार्ट्झ नळी आर्गॉनमध्ये तासभर तापवून भिंतीवरचे पाणी घालवावे. वायू प्लास्टिकच्या नळीतून येत असेल, तर तिच्या जागी स्टेनलेस स्टीलची नळी बसवावी, कारण प्लास्टिकमधून ओलावा झिरपतो. उंची परत मिळाली, तर ॲसिटोनचा विचार नंतर करता येईल. हायड्रोजनमध्ये लोह क्षपण करण्याचा (त्यातील ऑक्सिजन काढण्याचा) वेळ मात्र सेकंदही बदलू नका. तो लांबला की बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, नळ्यांचा व्यास वाढतो आणि मग कोणता परिणाम कशाचा हे ओळखता येत नाही.

विदर्भकण: उद्या नळी तापवून पाहतो. नवा सिलिंडर आला असला, तरी तो तूर्त जोडत नाही.